वायरमन हाय, फौजदार न्हाई

केजला आमच्या गल्लीत इंटरनेटची लाइन बघायला येणारा माणूस बोलण्याआधी कानामागचा पेचकस काढून हातात घेतो. लहानथोर सगळ्यांना तो ‘मालक’ म्हणतो. घरात कोण काय बघतं, हे त्यानं कधी विचारलं नाही.

मागं कंपनीनं त्याला शेजारच्या म्हाताऱ्या भारुडकारांची लाइन तोडायला पाठवलं. त्यांनी एक जुनं भारुड फुकट डाऊनलोड केलं होतं. हक्क कॅसेटवाल्यांचे होते, आवाज मात्र भारुडकारांचा स्वतःचा होता. आता त्यांचा गळा बसला आहे.

“माझंच गाणं मी चोरलं व्हय?” त्यांनी विचारलं.

“मला काय ठाव, मालक? मी वायरमन हाय, फौजदार न्हाई.”

हुकूम होता तसं त्यानं ते भारुड त्यांच्या मोबाइलमधून पुसलं आणि शिडी लावून वायर कापली. मला त्याचा रागच आला.

खाली उतरून तो ओट्यावर बसला. स्वतःच्या मोबाइलवर तेच भारुड फुकट डाऊनलोड करून त्यानं मोठ्यानं लावलं.

“ऐका निवांत,” तो म्हणाला. “माझी लाइन तोडायलाबी मलाच धाडतेन.”

भारुडकार डोळे मिटून ओठ हलवत होते.