सोमवारची सूचना, शनिवारी

आधीच सांगतो, मी हे चिडून लिहितोय. इथले असले अनुभव वाचून मी आजवर फक्त हसलोय. दोनदा तर खाली खवचट प्रतिक्रियाही टाकल्यात – "आवाज आला? कान तपासून घ्या." जुन्या वाचकांना आठवत असेल. तेव्हा आता माझ्यावर हसायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे... पण आधी शेवटपर्यंत वाचा.

आम्ही उरायासुत राहतो – टोकियोला लागूनच, खाडीच्या काठी. मी, बायको मुग्धा आणि नऊ वर्षांची सई. २०११च्या भूकंपात आमच्या बिल्डिंगसमोर जमिनीतून चिखल वर आला होता. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. गावभर खांबांवर नगरपालिकेचे कर्णे आहेत. एरवी संध्याकाळी मुलांनी घरी जावं म्हणून त्यांवर एक धून वाजते आणि संकटात सूचना देतात. पण उंच इमारतींवर आपटून तो आवाज असा घुमतो की एक शब्द धड कळत नाही. त्याच सूचना थेट घरात, स्वच्छ ऐकता याव्यात म्हणून डिजिटल स्कॅनर, म्हणजे हवेतले संदेश पकडणारा रेडिओ, घ्यायचं मी तेव्हाच ठरवलं. घेतला मात्र चार वर्षांनी, बाबा आल्यावर.

बाबा टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले. आई गेल्यावर आम्ही त्यांना तीन महिन्यांच्या व्हिसावर इकडे आणलं. भाषा येत नाही, ओळखीचं कोणी नाही, दिवसभर खिडकीशी बसून. म्हटलं, हातात यंत्र आलं की माणूस खुलेल. टोकियोच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातल्या, अकिहाबारातल्या, एका चिंचोळ्या दुकानातून सेट आणला. दुकानदाराने बजावलं, "ऐकायला हरकत नाही. दुसऱ्यांचं बोलणं ऐकून बाहेर सांगायचं नाही, कायदा आहे." तर मी इथे सांगतोय ती सूचना अख्ख्या गावासाठीच होती. किंवा असायला हवी होती.

प्रोग्रॅमिंगला दोन संध्याकाळी गेल्या. जपानी मॅन्युअल मी वाचायचो, फ्रिक्वेन्सी मी सांगायचो, बटणं बाबा दाबायचे. आधी नगरपालिका, मग विमानतळ, मग खाडीतल्या बोटी... एकेक चॅनेल, एकेक नाव. बाबांचा चेहरा काय फुलला होता म्हणून सांगू! नंतर मी यादी तपासली तर पहिल्या अकरा चॅनेल्समध्ये एकच आकडा. अकराही वेळा नगरपालिका.

"बाबा, हे काय?" मी आवाज चढवला.

"तूच सांगितलंस ना?" ते म्हणाले आणि हसून मान हलवली.

रात्री जेवताना मुग्धा म्हणाली, "नितीन, आपण त्यांना डॉक्टरांना दाखवूया. काल त्यांनी मला तीनदा विचारलं, आई बाजारातून आल्या का म्हणून."

"दुःखात आहेत ते. दुःखात माणूस विसरतो. आजार चिकटवू नकोस त्यांना."

"मी चिकटवत नाहीये. सईलाही दिसतंय."

मी ताटावरून उठलो. चॅनेल्स मात्र तशीच ठेवली, पुसली असती तर बाबांना लागलं असतं.

आता तो शनिवार. दुपारचे चार. बाबा माझ्यासमोर चहा पीत होते. सई चित्र काढत होती. मुग्धा स्वयंपाकघरात. स्कॅनर एकेका चॅनेलवरून फिरता फिरता थांबला आणि नगरपालिकेच्या सूचनांचा तो नेहमीचा बाईचा आवाज आला. सावकाश, दोनदा. इथे म्हातारी माणसं हरवली की अशी सूचना देतात, त्यात नवल नाही. पण ऐका काय होतं – एक भारतीय गृहस्थ बेपत्ता आहेत. वय चौऱ्याहत्तर. करडा स्वेटर, तपकिरी माकडटोपी. पायात टॉयलेटच्या हिरव्या सपाता. जपानी येत नाही. काही विचारलं तर हसून मान हलवतात. स्मृतिभ्रंश आहे. कोणाला दिसल्यास कळवावं.

सईने रंगकांडी खाली ठेवली. "आजोबा?" मग जपानीत, "दोऊशिते?" म्हणजे, का?

मी धावत खिडकी उघडली. समोरचा कर्णा गप्प. शेजारच्या आजी बाल्कनीत दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होत्या, त्यांना विचारलं. त्यांनी काहीच ऐकलं नव्हतं.

"काय म्हणत होती रे ती?" बाबांनी कप खाली ठेवत विचारलं.

"कोणीतरी माणूस हरवलाय, बाबा."

"अरेरे," ते म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोण हे लोक? परदेशी म्हातारा बागेत दोनदा दिसला की लगेच त्याची नोंद? इथे घरोघरी टॉयलेटसाठी वेगळ्या सपाता असतात, पण आमच्या हिरव्या आहेत हे यांना कोणी सांगितलं? आणि स्मृतिभ्रंश! माझ्या घरात बसलेल्या, चहा पिणाऱ्या माझ्या बापाला हा आजार आहे असं ठरवणारे हे कोण? सेटमध्ये आपोआप रेकॉर्डिंग होतं. फाइल तपासली, सगळं स्वच्छ होतं. मुग्धा म्हणाली, "भांडण्यापेक्षा..." मी तिला पुढे बोलू दिलं नाही.

रविवार धुमसण्यात गेला. सोमवारी अर्धी रजा टाकली, स्कॅनर पिशवीत घातला आणि नगरपालिकेत जाऊन बसलो. काउंटरवर होरी-सान नावाच्या पन्नाशीच्या बाई आल्या. मी जपानीत भांडलो. इतकी वर्षं इथे राहून मी जपानीत कधी भांडलो नव्हतो, पण त्या दिवशी जमलं. "माझ्या वडिलांची माहिती तुम्हाला कोणी दिली? कुटुंबाला न विचारता असलं काही जाहीर करता येतं तुम्हाला?"

"अजिबात नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "आजाराचा उल्लेख तर कुटुंबाने स्वतः परवानगी दिली तरच करतो. आणि शनिवारी अशी सूचना दिलेलीच नाही." त्यांनी नोंदवही माझ्यापुढे फिरवली. पान कोरं.

"मग हे काय?" मी रेकॉर्डिंग लावलं.

होरी-सान ऐकत राहिल्या. निम्म्यातच त्यांचा हात टेबलावर स्थिर झाला. 

"आवाज माझा आहे," त्या म्हणाल्या. "सूचना मीच वाचते. पण हे मी वाचलेलं नाही." मग माझ्याकडे बघून विचारलं, "तुमचे वडील आत्ता घरी आहेत ना?"

"हा काय प्रश्न झाला? घरीच आहेत!" आणि त्यांना दाखवायलाच मी तिथल्या तिथे मुग्धाला फोन लावला.

तिला धाप लागली होती. "अरे, बाबा तुझ्याबरोबर आलेत का? मी कचरा ठेवायला खाली गेले, त्यावर कावळ्यांसाठीची जाळी घालून वर येते तर दार उघडं. बूट इथेच आहेत... नितीन, टॉयलेटमधल्या सपाता नाहीयेत."

पुढचं मला तुटक आठवतं. होरी-सान फॉर्म घेऊन समोर बसल्या. वय? चौऱ्याहत्तर. कपडे? फोनवर मुग्धाला विचारून सांगितलं. स्वेटर, टोपी. पायात? मी सांगितलं. भाषा? "जपानी येत नाही. काही विचारलं तर हसून मान..."  शनिवारची एकेक ओळ माझ्याच तोंडून बाहेर पडत होती. शपथेवर सांगतो, मी मुद्दाम जुळवत नव्हतो. वडील तसेच होते, दुसरं सांगणार काय?

शेवटचा रकाना आला. त्यांनी पेन टेकवलं पण लिहिलं नाही.

"हे तुम्ही सांगितलंत तरच," त्या म्हणाल्या. "लोकांना माहीत असलं तर ते नीट वागतात. थांबवून बसवून ठेवतात. नाहीतर नुसते वाट देतात."

मला त्या बाईचा राग आला, मुग्धाचा आला, अकरा वेळा तेच बटण दाबणाऱ्या माणसाचाही आला. खाडी आमच्या घरापासून चालत वीस मिनिटांवर आहे.

"आहे," मी म्हणालो. "स्मृतिभ्रंश आहे. लिहा."

त्या काचेपलीकडच्या खोलीत गेल्या. बाहेरचे कर्णे वाजले, काहीच कळेना असे घुमत. पिशवीतला स्कॅनर मात्र स्वच्छ बोलला. शब्द न् शब्द तोच. 'स्वेटर'नंतर त्यांनी घसा जरा साफ केला. शनिवारीही तिथेच केला होता.

दीड तासाने फोन आला. खाडीच्या बांधाजवळ उंच इमारती नाहीत, तिथल्या भाजीच्या दुकानातल्या बाईंनी सूचना नीट ऐकली होती. समोरून हिरव्या सपाता जाताना दिसल्या, तशा त्या गिऱ्हाईक सोडून धावल्या. बाबा हसून मान हलवून पुढे निघाले होते. त्यांनी हाताला धरून आणून स्टुलावर बसवलं आणि सोललेलं संत्रं हातात दिलं.

त्यानंतर डॉक्टर झाले, औषधं झाली. खरं तर कितीतरी आधी व्हायला हवी होती.

आता तुमच्या शंका. सेटचं घड्याळ चुकलं असेल? मग सोमवारी सकाळी, बाबा हरवल्याचं कळायच्या आधी मी नगरपालिकेत काय ऐकवलं? कोणी आवाजाची नक्कल केली? होरी-सानना स्वतःचा घसा ओळखता येतो. ऑफिसातल्या एका ऑडिओवाल्या मित्राने दोन्ही फाइली तपासल्या. म्हणे, एक दुसरीची कॉपी आहे. मी विचारलं, कुठली कुठलीची? त्याला सांगता आलं नाही. मलाही येत नाही. स्पष्टीकरण असेल तर जरूर लिहा, फक्त कान तपासायला सांगू नका, ते तपासून झालेत.

माझा राग अजून गेलेला नाही. पण तो आता यंत्रावर नाही. घरात बायको सांगत होती, नऊ वर्षांची पोर बघत होती. त्यांचं ऐकलं नाही. ते माझ्या कानात शिरायला परक्या बाईच्या आवाजात, परक्या भाषेत यावं लागलं.

त्या दिवशी टॅक्सीत बाबा माझ्याशेजारी बसले होते. पायात सपाता, हातात संत्र्याच्या दोन फोडी सईसाठी जपून धरलेल्या. सकाळी कुठे निघालो होतो ते त्यांना आठवत नव्हतं. चहा घेतला होता का, तेही नाही. उरायासु स्टेशन मागे पडलं तेव्हा त्यांनी अचानक माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"नितीन, शनिवारी तो माणूस हरवला होता ना, ती बाई सांगत होती... सापडला का रे?"

"सापडला, बाबा."

"बरं झालं," ते म्हणाले. "घरच्यांच्या जिवाला घोर लागला असेल."