आधी गार होऊ दे

कारखान्यात त्यांना समोर सगळे 'काकू' म्हणायचे आणि पाठीमागे 'गारठा'. नाव ठेवणाऱ्यांचं तरी काय चुकलं म्हणा! मोजमापाच्या खोलीत बारा महिने वीस अंश, आणि या बाई तीस वर्षं तिथे स्वेटर घालून बसलेल्या. कुणी घाईघाईनं पार्ट घेऊन आला की यांचं एकच पालुपद, "आधी गार होऊ दे."

ज्यांना यातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. लोखंड तापलं की फुगतं, हे आपण शाळेत शिकलो आणि विसरलो. मशीनवरून उतरलेला पार्ट कोमट असतो, आणि तेवढ्यानंही तो सहा-सात मायक्रॉननं मोठा भरतो. सात मायक्रॉन म्हणजे केसाच्या जाडीचा दहावा हिस्सा. तुमच्या-माझ्या सायकलला त्यानं काडीचाही फरक पडणार नाही. पण हा कारखाना हेलिकॉप्टरचे पार्ट करणारा. म्हणून नियम असा, की पार्ट त्या खोलीत चार तास ठेवायचा, मग मोजायचा, आणि माप बसलं तरच काकूंनी आपला नऊ नंबरचा शिक्का मारायचा. तीस वर्षांत त्या शिक्क्याला कुणी नाव ठेवलं नव्हतं.

घरीही तेच. चहा असो, नाहीतर जावयाचा राग असो, "आधी गार होऊ दे." दीड वर्षाची नात बोलायला लागली ती 'आई' नाही, 'बाबा' नाही, "गाल!" म्हणत. बशीतल्या दुधावर फुंकर मारायची आणि "गाल!" आजीला कोण कौतुक!

मग एक हेलिकॉप्टर पडलं. पेशंट घेऊन चाललं होतं. पायलट, नर्स, तो पेशंट आणि त्याची बायको, चौघंही गेले. मागच्या पंख्याचं बेअरिंग आपल्या जागी सैल झालं, तापलं आणि जाम झालं, इतकं कळलं होतं. बेअरिंग बसवणाऱ्या फिटरला आत टाकलं. काकूंनी पेपर वाचला, हळहळल्या आणि कामाला लागल्या. आपला काही संबंध असेल असं त्यांच्या मनातही आलं नाही.

पुढच्या आठवड्यात दुपारी मॅनेजरबरोबर अपघाताचा तपासनीस आला. त्यानं डबीतून एक चकचकीत स्लीव्ह काढून टेबलावर ठेवली. बेअरिंग जिच्यावर बसतं ती नळी. "पडलेल्या हेलिकॉप्टरमध्ये हिचीच जोडीदार होती," तो म्हणाला. "त्याच दिवशी शिक्का मारलेल्या दहांपैकी ही एक. ही वापरलेली नाही, स्टोअरमध्ये होती. फिटर म्हणतो, मला बसवतानाच सैल लागली होती, पण शिक्का बघितला आणि बसवली. तेवढं माप घ्या, म्हणजे त्याचं खरं-खोटं होईल."

काकूंनी स्लीव्हवरची तारीख वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली.

नातीचा वाढदिवस माहीत नसलेली आजी असते का? त्या दिवशी सकाळी अकराला जावयाचा फोन आला होता. लेकीला ऑपरेशनला घेतायत, डॉक्टर म्हणतात काही सांगता येत नाही, लगेच या. टेबलावर दहा स्लीव्ह, नुकत्याच आलेल्या. काकूंनी त्या पाऊण तास ठेवल्या. मग मोजल्या, काटा हद्दीच्या काठावर पण आतच थांबला, दहा शिक्के मारले, रजिस्टरमध्ये 'चार तास' लिहिलं आणि पळत सुटल्या. संध्याकाळी लेक शुद्धीवर आली, नात हातात आली, आणि त्या दहा स्लीव्ह डोक्यातून पार गेल्या. अहो, पार म्हणजे पार!

"घ्या ना काकू," मॅनेजर म्हणाला. "साहेबांना परत जायचंय."

काकूंनी स्लीव्ह उचलली. गाडीत उन्हात आलेली, चांगलीच कोमट होती. आत्ता मोजली तर काटा पुन्हा हद्दीच्या आत थांबेल, हे त्यांना मोजायच्या आधीच कळलं. तपासनीस कागदांचा माणूस, त्याला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. 'माप बरोबर' म्हटलं की तो जाणार, शिक्का राहणार, नोकरी राहणार. आणि फिटर आत राहणार. त्याचं तोंडसुद्धा त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांनी काटा लावायला हातही पुढे केला. खोटं कशाला बोला, केला.

मग तोंडातून सवयीनं निघून गेलं, "आधी गार होऊ दे."

"किती वेळ?" तपासनीस म्हणाला.

"चार तास."

मॅनेजरनं कपाळाला हात लावला. तपासनीस मात्र खुर्ची ओढून बसला. त्या चार तासांत काकू जागच्या हलल्या नाहीत. मध्येच लेकीचा फोन आला. "आई, ही बघ कशी करतेय. तुझ्या जुन्या स्वेटरवर फुंकर मारतेय आणि गाल-गाल म्हणतेय." काकू "हं" म्हणाल्या आणि फोन ठेवला. ती चार माणसंही गारच झाली होती की. तीस वर्षं हा शब्द जिभेवर खेळवला, पण त्याचा तो अर्थ त्यांच्या अंगाला त्या दिवशी पहिल्यांदा लागला, आणि स्वेटरमध्ये त्या थरथरायला लागल्या.

चार तास झाले. हातमोजे घालून त्यांनी स्लीव्ह ठेवली. काटा हद्दीच्या खाली गेला आणि तिथेच थांबला. फिरवून तीनदा मोजलं. तिन्ही वेळा तेच.

"पाच मायक्रॉन कमी," त्या म्हणाल्या. "फिटर खरं बोलतोय. त्याला सोडा. रजिस्टरमधले चार तास खोटे आहेत. मी पाऊण तासात मोजलं. शिक्का माझा आहे."

तपासनीसानं पेन उघडलं. "कारण?"

"ते लिहिलंच पाहिजे?"

"रिपोर्टमध्ये येतं. रिपोर्ट सगळ्यांना वाचायला मिळतो."

काकूंच्या डोळ्यांसमोर वीस वर्षांनंतरची नात आली. शिकलेली, सगळं वाचणारी. चार माणसं गेली ती आपल्या जन्माच्या घाईत, असं पांढऱ्यावर काळं वाचणारी.

मॅनेजरला एकदम आठवलं. "काकू, त्या दिवशी तुमच्या मुलीचं ते..."

"तुम्ही गप्प बसा साहेब!" काकू ओरडल्या. तीस वर्षांत त्यांचा चढलेला आवाज कुणी ऐकला नव्हता. मग त्यांनी स्वेटरची बटणं लावली, तपासनीसाकडे पाहिलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "कारण काही नव्हतं. कंटाळा केला, असं लिहा."