मलकप्पा मास्तरांचं खुरपं

मलकप्पा ड्रिलमास्तर शर्यत घ्यायला निघाले की एखाद्या वेळी शिट्टी विसरत, पण कमरेचं खुरपं कधी विसरत नसत. उस्मानाबादेत तेव्हा निजामाचा अंमल होता आणि आमच्या शाळेच्या मैदानावर मास्तरांचा. पळण्याआधी प्रत्येकाने पाय रोवायला दोन खड्डे खणायचे आणि शर्यत संपली की, जीव जात असला तरी, परत येऊन ते बुजवायचे, असा त्यांचा कायदा होता.

हा कायदा मूळचा चीनचा. निजामाच्या पलटणीबरोबर मास्तर मलायात होते, तिथे त्यांना एक चिनी धावपटू भेटला. त्याचं नाव मास्तरांना शेवटपर्यंत उच्चारता आलं नाही. "गडी त्याच्या मुलखाकडनं चार देशांत पळाला," ते सांगत. "म्हैना म्हैना जहाजात बसून जायचा, अन् धा-अकरा सेकंदांत हारून माघारी यायचा. पर खड्डा बुजवल्याबिगर मैदान सोडलं न्हाय त्यानं. म्हणायचा, मागनं येणाऱ्याचा पाय मुरगळंल."

यातला हरण्याचा भाग मला पटत नसे. माझ्या वेगाचा शाळेत बोलबाला होता. तो मीच केला होता.

गुलबर्ग्याला सुभ्याच्या शर्यती होत्या आणि शाळेतून एकच जण जाणार होता. निवड दोन फेऱ्यांत व्हायची. मी आईला आधीच दशम्या करायला लावल्या होत्या. पहिली फेरी मी जिंकलो. माझे खड्डे इतके खोल होते की त्यांत हरभरा पेरता आला असता. ते बुजवणं विजेत्याला शोभत नाही, म्हणून मी लिंबाखाली पाय पसरून बसलो. मास्तर दुसऱ्या टोकाला होते. ऊन डोळ्यांवर येतं म्हणून त्यांनी दुसरी फेरी उलट्या दिशेने लावली, आणि जिथून निघालो होतो तिथेच, त्या खड्ड्यांच्या जरा पलीकडे, आता पोहोचायचं होतं.

मी सगळ्यांच्या पुढे होतो. तेरचा गणपा किती मागे राहिला ते बघायला मान वळवली आणि माझ्याच खड्ड्यात पाय घालून पालथा पडलो. गणपा माझ्या शेजारून पुढे गेला, आधी रेषेपार, मग गुलबर्ग्याला.

"मैदान खराब आहे, मास्तर," मी कण्हत म्हणालो.

त्यांनी वाकून खड्ड्यात पाहिलं. "मैदानाला नावं ठिवू नको. ह्यो तुझ्याच हातचा हाय." आणि खुरपं पुढे केलं. दशम्या मी घरीच बसून खाल्ल्या.

गणपा गुलबर्ग्याला पहिल्याच फेरीत हरला. मला झालेला आनंद मी लपवला नाही. मास्तरांनी त्याला एवढंच विचारलं, "खड्डा बुजवला न्हवं?"

"व्हय."

"मंग लई झालं."

त्या दिवशी मला गणपाचा जो हेवा वाटला, तो तो जिंकून आला असता तरी वाटला नसता.

पुढे कैक वर्षांनी मास्तर अणदूरला, आपल्या गावी वारले. ते लिंगायत, त्यांच्यात पुरतात. लोक मूठमूठ माती देऊन बाजूला झाले. मी गुडघे टेकून माती लोटत राहिलो.

"काका, ऱ्हाऊ द्या, गडी हायती त्याला," त्यांचा मुलगा म्हणाला.

मी थांबलो नाही. कुणी न सांगता मी बुजवलेला तो पहिलाच खड्डा होता.