अकरातून वजा

शहाडहून मी परदेशी निघाले तेव्हा नाना खाली गाडीपर्यंत आले नाहीत. चाळीच्या कठड्याला हात टेकून वरच उभे राहिले. माझा धाकटा भाऊ मिलिंद सुमोच्या टपावर बॅगा बांधत होता, आईला दोन शेजारणींनी धरलं होतं, आणि माझा नवरा दर मिनिटाला घड्याळ बघत होता. मी वर बघितलं तशी नानांनी ओरडून सांगितलं, "पोचलीस की आधी फोन कर. रडायचं ते मग रड." मी तसंच केलं. पोचले, फोन केला, मग रडले. त्याला तेवीस वर्षं झाली.

नाना म्हणजे माझे वडील. शहाडजवळच्या एका धाग्याच्या कंपनीत ते तपासणीला होते. तयार धाग्याचे कोन, म्हणजे मोठी रिळं, त्यांच्यासमोर यायचे आणि ते बोटांनी चाचपून, उजेडात धरून प्रत्येकाला आकडा द्यायचे. एक म्हणजे पहिल्या प्रतीचा माल. दोन म्हणजे चालेल. तीन म्हणजे कमी भावात काढा. त्यापुढचं सगळं भंगार. इतकी वर्षं हेच काम केल्यावर माणूस घरीही तेच करतो. आईचं सुकट एक नंबर. विहारात नवीन बसवलेले पंखे दोन नंबर, आवाज करतात. माझी दहावीची मार्कशीट एक नंबर. मिलिंदची बघून म्हणाले, "तीन. पण चालवून घेऊ." माझ्या नवऱ्याला पहिल्यांदा भेटले तेव्हाही त्यांनी आकडा सांगितला होता. तो मी नवऱ्याला अजून सांगितलेला नाही.

मी राहते त्या शहराचं नाव इथे महत्त्वाचं नाही. थंडी फार, माणसं बरी, आणि एक बेसबॉलची टीम आहे जी सारखी हरते. मी एका शाळेच्या ऑफिसात हजेरीचं काम बघते. तिथल्या बायका सोमवारी सकाळी कॉफीबरोबर या टीमला शिव्या देतात. शिव्या देण्यात भाग घेता यावा म्हणून मी बघायला लागले, आणि मग बघतच राहिले.

या टीमच्या चाहत्यांचा एक ऑनलाइन अड्डा आहे. मॅच संपली की तिथे एक तक्ता उघडतो. त्या दिवशी खेळलेल्या प्रत्येकाचं नाव, आणि समोर एक ते दहा. ज्याने त्याने मार्क द्यायचे. दहा म्हणजे कमाल, एक म्हणजे याला घरी बसवा. सगळ्यांचे मार्क गोळा होऊन सरासरी निघते आणि मग तीवरून भांडणं होतात. सीझनमध्ये दीडशेच्या वर मॅच असतात, आणि दर मॅचला हा प्रकार. खेळाडू ते वाचत नाहीत. कोच तर नाहीच नाही. पण लोक मोठ्या जबाबदारीने मार्क देतात. दूर बसलेल्या माणसाला दुसरं काय करता येतं? माझं तिथलं नाव 'शहाडवाली' आहे. त्याचा अर्थ आजवर कुणी विचारलेला नाही.

आई गेली आणि नाना शहाडला एकटे राहिले. मिलिंद डोंबिवलीला, मानपाड्यात. त्याचा फ्लॅट दोन खोल्यांचा असला तरी त्याने आणि वहिनीने खूप आग्रह केला. नाना हलले नाहीत. मी रोज व्हिडिओ कॉल करायची. जेवलात का? जेवलो. काय केलं होतं? भाजी. कुठली? भाजी. तुमच्यापैकी जे बाहेर आहेत त्यांना हे कॉल ठाऊक असतील. प्रेम कमी नसतं, बोलायला विषय नसतो.

एकदा माझ्याकडे संध्याकाळची मॅच चालू होती आणि तिकडे पहाटेचे साडेपाच. पहिल्या पाळीची सवय, नाना उठलेलेच असायचे. मी फोन टीव्हीकडे वळवला. पाच मिनिटं ते बघत राहिले. मग म्हणाले, "एवढा मोठा हातमोजा घालून कॅच घेतात? मग त्यात कौतुक कसलं? आपल्या चाळीतली पोरं टेनिस बॉल नुसत्या हाताने घ्यायची."

"नाना, इथला बॉल कडक असतो."

"मग बॅट तरी नीट चपटी करून घ्या म्हणावं. लाटणं घेऊन आलाय."

त्या दिवसापासून आमचा कॉल तीन तासांचा झाला. नावं त्यांच्या जिभेवर बसेनात म्हणून त्यांनी स्वतःची ठेवली. बॉल टाकणारा पिचर तो 'लंबू', बॅटवाल्याच्या मागे बसून बॉल पकडणारा कॅचर तो 'बसका', आणि मधे उभा राहून बॉल अडवणारा शॉर्टस्टॉप सारखा सूर्यफुलाच्या बिया चघळायचा म्हणून 'गुटखा'. मी त्यांना त्या तक्त्याचं सांगितलं. "एक ते दहा आकडा द्यायचा. तुम्ही सांगा, मी टाकते." एका खात्याला एकच मत असतं. माझं मी त्यांना देऊन टाकलं.

पहिल्याच दिवशी लंबूने अप्रतिम बॉल टाकले. समोरची टीम हवेत बॅटी फिरवत राहिली. नाना म्हणाले, "लंबूला एक." मी टाकला एक. दहा मिनिटांत अड्ड्यावर एकाने मला विचारलं, तू मॅच बघितलीस की शेजाऱ्याचं कुत्रं? दुसऱ्याने लिहिलं, शहाडवालीला कुणीतरी चष्मा घेऊन द्या.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "नाना, लंबूला एक का दिलात?"

"मग किती देऊ? एक नंबर टाकला त्याने."

"आणि दहा कुणाला?"

"दहा? दस नंबरी म्हणजे चोर. तो तुमचा अंपायर आहे ना, त्याला दे."

समजावून सांगायला हवं होतं. दोन मिनिटांचं काम. पण ते खुशीत होते, आणि आईनंतर पहिल्यांदाच पुढच्या दिवसाबद्दल स्वतःहून विचारत होते, उद्या कोणाशी आहे म्हणून. मला वाटलं, या वयात त्यांना चूक दाखवून मिळणार काय? मी सोपा मार्ग काढला. त्यांनी सांगितलेला आकडा अकरातून वजा करायचा. एक म्हणजे दहा, दोन म्हणजे नऊ, आठ म्हणजे तीन. अड्ड्यावर शहाडवालीचे मार्क सरासरीच्या जवळ यायला लागले. दोन सीझन असे गेले. यातलं मी कुणाला सांगितलं नाही. मिलिंदलाही नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असंच वाटलं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी नानांचा फोन लागेना. तिकडे रविवारची पहाट. म्हटलं झोपले असतील, झोपू दे. तिसऱ्या इनिंगला मिलिंदचा फोन आला.

"ताई, घाबरू नकोस. नानांच्या पोटात दुखत होतं म्हणून रात्री दोन वाजता फोन केला त्यांनी मला. कल्याणला हॉस्पिटलमध्ये आणलेलं. काही नाही, गॅस आहे. इंजेक्शन मारलं, गोळ्या दिल्या. आता मानपाड्याला घेऊन चाललोय. रिक्षा बघतोय."

"सोनोग्राफी केली?"

"अगं गरज नाही म्हणाला डॉक्टर. त्याने विचारलं ना, आजोबा, एक ते दहामध्ये किती दुखतंय? नाना म्हणाले, एक. नीट ताठ बसलेले. एकला कोण सोनोग्राफी करतं?"

मला ते कळायला एक क्षणही लागला नाही.

"मिलिंद, त्यांना परत आत ने. त्यांचा एक म्हणजे दहा."

"काय?"

मी सांगायला सुरुवात केली. लंबू, तक्ता, अकरातून वजा. हे सगळं मी कल्याणच्या रस्त्यावर रिक्षावाल्याशी बोलत उभ्या असलेल्या माणसाला सांगत होते. माझंच मला ऐकू येत होतं की हे किती वेड्यासारखं वाटतंय.

"म्हणजे तुम्ही बापलेक तिकडच्या दांडूच्या खेळाला मार्क देता, म्हणून मी आत जाऊन डॉक्टरशी भांडू?" मिलिंद रात्रीपासून जागा होता. मी त्याच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं. "ताई, तुला तिथून काही दिसत नाही गं. मी त्यांच्या शेजारी उभाय."

"फोन त्यांना दे."

नानांचा आवाज बारीक होता, पण पहिला प्रश्न तोच. "सुजा, कितीवर आहे?"

"ते राहू दे. नाना, खूप दुखतंय का?"

"सांगितलं ना डॉक्टरला."

"एक म्हणजे फार कमी समजला तो. परत आत जा आणि सांगा, फार दुखतंय म्हणून."

"शिकलेला माणूस आहे तो. त्याला एक कळत नाही?" मग म्हणाले, "रिक्षा आली. मला पडायचंय जरा. तू मॅच बघ."

मी हॉस्पिटलचा नंबर शोधून फोन लावला. बराच वेळ गाणं वाजलं. मग एक बाई म्हणाल्या, पेशंट गेला असेल तर आम्ही काय करणार मॅडम, परत घेऊन या, मग बघू. मी वहिनीला फोन केला. ती म्हणाली, शांत झोपलेत ताई, उठवू का? मी म्हटलं उठव. ती म्हणाली, आत्ताच डोळा लागलाय, बघते थोड्या वेळाने. मी आणखी दोनदा केला. तिसऱ्यांदा मिलिंदने उचलला आणि म्हणाला, "बास ना आता, ताई." मी बास केलं. त्याला दुखवायचं नव्हतं, कारण नानांचं सगळं तोच करतो. जो करतो त्याच्याशी भांडायचा हक्क लांबून फोन करणाऱ्याला नसतो, हे मी तेवीस वर्षांत शिकलेय. त्या दिवशी ते शिकलेलं नको तिथे उपयोगी पडलं.

मॅच संपली, तक्ता उघडला. मी न बघितलेल्या इनिंगचे मार्क भरत बसले. सगळ्यांना पाच. हातांना काहीतरी करायला हवं होतं.

मिलिंदचा पुढचा फोन तिकडच्या सोमवारी आला तेव्हा तो रडत होता. नाना बाथरूमच्या दारात पडले होते. अंगावर घामाच्या धारा, पोट लाकडासारखं घट्ट. अल्सर फुटला होता. ऑपरेशन झालं. सर्जन मिलिंदला म्हणाले, हे कालच यायला हवे होते. "कालच आणलेलं," एवढंच मिलिंद म्हणू शकला.

तिसऱ्या दिवशी मी पोचले. नाना वाचले होते. तेवढं आधी सांगते, नाहीतर तुम्ही त्याचीच वाट बघाल. पण वाचणं आणि उठणं वेगळं. अठरा दिवस मी त्यांच्या खाटेशी होते. मिलिंदने मला एकदाही विचारलं नाही की तू हे मला आधी का नाही सांगितलंस, आणि मी त्याला म्हटलं नाही की तू ऐकायला हवं होतंस. आम्ही पाळ्या लावल्या, डबे आणले, औषधांच्या पट्ट्यांवर वेळा लिहिल्या. दोघंही कामाची माणसं आहोत.

बाराव्या दिवशी ते जरा टेकून बसले तेव्हा मी सांगून टाकलं. की तिथे दहा चांगला असतो. की दोन सीझन त्यांचे सगळे आकडे मी उलटे करून टाकत होते. मला वाटलं होतं, हसतील.

त्यांनी सलाइनची नळी बाजूला सारली. मग म्हणाले, "मला सांगायचंस ना, बाय."

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतं. दोन दिवस. मग बरोबर आकडा दिला असता." श्वास घेऊन पुढे म्हणाले, "तू गेल्यापासून मला सगळं बरं करूनच सांगतेस. आणि मी बरं करून ऐकतो."

खोटं नव्हतं ते. इकडे बर्फात गाडी घसरून खांद्याचं हाड मोडलं तेव्हा मी त्यांना 'थोडं मुरगळलं' सांगितलं होतं. आईच्या शेवटच्या महिन्यात त्यांनी मला 'अशक्तपणा आहे' सांगितलं होतं. दोन्हीकडून चालूच होतं.

संध्याकाळी नर्स आली. चांगली होती, कळव्याची पोरगी, सगळ्यांना आजोबा-आजी करायची. "आजोबा, आज दुखणं किती? एक ते दहा?" नानांनी तोंड उघडलं आणि थांबले. एकदा माझ्याकडे बघितलं. ज्या माणसाने आयुष्यात आकडा द्यायला कधी दोन सेकंद लावली नाहीत, तो माणूस अडकला होता. नर्सने परत विचारलं. ते म्हणाले, "आहे." त्यानंतर त्यांनी आकडा दिला नाही, नर्सला, डॉक्टरला किंवा मला. मी बोटं दाखवून बघितली, चेहऱ्यांची चित्रं काढून बघितली. उत्तर एकच, "आहे."

रजा संपली आणि मी परत आले. सरळ सांगते, राहायला हवं होतं असं तुमच्यापैकी काहींना वाटेल, मलाही वाटतं. पण मुलीची कॉलेजची वर्षं आहेत, नोकरीवरच घरातल्या सगळ्यांचा विमा आहे, आणि नाना स्वतः म्हणाले, जा. या 'जा'चा अर्थ काय, ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

शहाडची खोली बंद आहे. किल्ली मिलिंदकडे. आधी घर म्हटलं की मला तो कठडा आठवायचा. आता घर म्हणजे मानपाड्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमधला दिवाण. मी त्यावर कधी झोपलेली नाही. तिकडे संध्याकाळ होते तेव्हा माझी सकाळ असते. वहिनी फोन टीपॉयवर पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवते आणि कामाला लागते. नाना भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात. टाक्यांमुळे त्यांना त्याच कुशीवर बरं पडतं, असं ती म्हणते. खरं असेल. मला फोनमध्ये फक्त त्यांची पाठ दिसते. पाठीवरून काही कळत नाही. श्वासागणिक बनियन वर होतं, खाली होतं. तेवढं बघते, आणि ऑफिसची वेळ झाली की फोन ठेवते.