चौदातून उणे तीन

नवं पुस्तक घरात आलं, पण ते उघडण्याआधी आम्ही सभा बोलावली. सात दिवस आधी मोबाइलच्या ग्रुपवर नोटीस निघाली आणि तिची भाषाही रीतसर होती: ‘गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल.’ आम्ही एकूण चौघं, आणि त्यातली दोघं सभा भरते त्याच घरात राहतात.

हा खेळ न खेळलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. एक जण गोष्ट रचतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली एकेक व्यक्ती होतात. मी गेली वीस वर्षं एक तापट तलवारबाज आहे. एरवी परळच्या एका शाळेत गणित शिकवते, त्यामुळे फार वेगळं काही करावं लागत नाही. वार लागला की हुकला हे वीस बाजूंचा फासा ठरवतो आणि फाशाच्या आकड्याचं पुढे काय करायचं ते पुस्तक सांगतं. पुस्तक परदेशात छापलं जातं. दर काही वर्षांनी तिथली माणसं त्यातले नियम बदलतात, देव बदलतात, राज्यंच्या राज्यं बुडवतात. मग आपलं घर कुणी न विचारता रंगवून ठेवावं तसे जगभरचे खेळणारे भडकतात. मीही भडकते. या वेळी तर मी इंटरनेटवर नऊ मुद्द्यांचं निषेधपत्र लिहिलं होतं. त्यातल्या सातव्या मुद्द्याला तीन उपमुद्दे होते.

गोष्ट रचतो त्याला आम्ही अध्यक्ष म्हणतो. कॉलेजपासूनचा मित्र, काळाचौकीचा. तिथल्या गणपती मंडळाचा तो दहा वर्षं चिटणीस होता, आणि जे काही दोनपेक्षा जास्त माणसांनी करायचं ते ठरावाशिवाय होऊ शकत नाही अशी त्याची पक्की समजूत आहे. सुरुवातीच्या काळात मारामारीच्या गर्दीत बाण सोडला तर तो आपल्याच माणसाला लागू शकतो का, यावरून आमच्यात इतकं वाजलं की महिनाभर कुणी कुणाशी बोलत नव्हतं. तेव्हा त्याने लाल कापडी पुठ्ठ्याची बांधीव वही आणली. पुढे नियमातला प्रत्येक बदल ठरावाने, सूचक आणि अनुमोदकासह, आणि सर्वानुमतेच. ही सर्वानुमताची अट माझी. इतिवृत्त मी लिहायचं आणि पुढच्या सभेत अध्यक्षाने ते मोठ्याने वाचून कायम करायचं. लिहिणाऱ्यानेच वाचलं तर तो सोयीचं तेवढंच वाचतो, असा त्याचा मंडळातला अनुभव होता.

गेल्या वर्षी अध्यक्षाला अर्धांगाचा सौम्य झटका आला. बोलणं परत आलं, चालणं बरंचसं आलं, उजवा हात आला नाही. नकाशे काढायची नोकरी होती, ती सुटली. मंडळातही आता नवी मुलं आहेत. त्याच्याकडे उरला तो रविवारी दुपारी तीनला त्याच्या घरी जेवणाच्या टेबलावर मांडलेला हा खेळ. चार महिन्यांनी तो पुन्हा अध्यक्षाच्या खुर्चीत बसला तेव्हा त्याची बायको, आमच्या खेळातली चौथी, स्वयंपाकघरात मला म्हणाली होती, “ती खुर्ची ऱ्हवली तर तो ऱ्हवलो गो.” खुर्ची राहिली तर तो राहिला. मी मान डोलावली आणि पुढे ते वाक्य साफ विसरून गेले. मला त्याची अजून लाज वाटते.

सभेपुढचा पहिला विषय होता सागरदेवी. नव्या पुस्तकात ती मेलेली होती. कशी मेली, कुणी मारली, काही नाही. दीड ओळीत उरकलं होतं. ही देवी म्हणजे आमच्या गिरगावकर मित्राचं दैवत. म्हणजे खेळातलं. एरवी तो कॅथलिक, ठाकूरद्वारला राहणारा, जहाजांच्या कंपनीत नोकरीला. पण खेळात वीस वर्षं त्या देवीचा पुजारी आहे, आणि देवी गेली तर पुजाऱ्याची सगळी ताकद जाते. मला वाटलं, हा आता टेबल डोक्यावर घेणार. माझं निषेधाचं भाषण तयारच होतं.

त्याने शांतपणे बिस्किट चहात बुडवलं. “मेली तर मेली रे. आमच्यात मेल्यावर तीन दिवस थांबायची पद्धत आहे. रविवारी बघू.”

ठराव एक: देवीच्या निधनाची बातमी या टेबलापुरती अफवा समजावी. सर्वानुमते मंजूर. मी इतिवृत्तात ‘शोक व्यक्त करण्याचे कारण नाही’ असंही लिहिलं.

दुसरा विषय चिलखताचा. जुन्या नियमात चिलखत जितकं चांगलं तितका त्याचा आकडा लहान. उत्तम चिलखत शून्याच्याही खाली. पुस्तकाने मला दिलेला अंक चौदा असेल आणि समोरच्याचं चिलखत उणे तीन, तर चौदातून उणे तीन वजा करायचे, म्हणजे सतरा, आणि फाशावर सतरा किंवा वर पडले तरच वार लागायचा. पाच जण भिडले की अध्यक्षाला एका दमात अशा पाच वजाबाक्या कराव्या लागायच्या. नव्या पुस्तकाने हे सगळं काढून टाकलं होतं. चांगलं चिलखत म्हणजे मोठा आकडा. फासा टाका, त्यात आपला आकडा मिळवा, बेरीज चिलखताएवढी झाली की वार लागला.

“हे घेऊया,” अध्यक्ष म्हणाला. बायकोने लगेच अनुमोदन दिलं. गिरगावकराने हात वर केला.

मी उभी राहिले. चार माणसांच्या सभेत उभं राहायची गरज नव्हती, पण निषेधपत्राचे नऊच्या नऊ मुद्दे बसून म्हणवत नव्हते. उण्याचं उणं हे या खेळाचं सौंदर्य आहे, असं म्हणाले. उद्या बेरीजही जड वाटेल, मग काय बोटं मोजायची, असं म्हणाले. माझी सातवीची मुलंसुद्धा हे झोपेत करतात, असंही म्हणाले. अध्यक्ष टेबलावरच्या मेणकापडावरून बोट फिरवत राहिला. त्याची बायको माझ्याकडे एकटक बघत होती. मला वाटलं, माझा मुद्दा तिला पटतोय. तिघं बाजूने, मी विरोधात. ठराव बारगळला. मी घरी लालबागला चालत आले, आणि ते वळणदार अक्षरात लिहिलेलं इतिवृत्त आठवून वाटेत दोनदा स्वतःवर खूश झाले.

पुढच्या रविवारी जुन्याच नियमांनी खेळ सुरू झाला. अध्यक्ष पुठ्ठ्याच्या आडोशामागे बसतो, म्हणजे पुढे काय वाढून ठेवलंय ते आम्हाला दिसू नये. आडोशामागे बघायचं नाही हा नियम क्रमांक एक. वीस वर्षांत कुणी मोडला नाही. आडोशामागून आकडे यायला वेळ लागत होता. “अकरा,” तो म्हणायचा. “सतरा,” मी म्हणायचे, फळ्यासमोर उभी असल्यासारखी. “हां, सतरा.” असं चारदा झालं. पाचव्यांदा मी त्याला सांगितलं की सवय गेली आहे, रोज सकाळी दहा उदाहरणं सोडव. पाच वाजता तो म्हणाला, आज इथेच थांबू. एरवी आम्ही सातशिवाय उठत नाही.

त्याच्या पुढच्या रविवारी साडेचारलाच थांबला. आणि तिसऱ्या रविवारी, चहा व्हायच्या आधीच, गिरगावकराला म्हणाला, “पुढच्या खेपेपासून गोष्ट तू चालव. मी बाजूला बसून बघेन.”

“काय मेन,” गिरगावकर म्हणाला, “मी चालवली तर सगळे बुडून मरतील.” पण हसला नाही.

अध्यक्ष भिंतीला धरत आत गेला. मी फासे गोळा करू लागले. एक फासा आडोशापलीकडे घरंगळला होता, तो उचलायला मी वाकले आणि नियम क्रमांक एक मोडला.

तिथे चौकटीच्या वहीचा कागद होता, आडोशाला आतून चिकटवलेला. त्यावर त्याच्या बायकोच्या गोल अक्षरात ओळीच्या ओळी: चौदा, उणे दोन, सोळा. चौदा, उणे तीन, सतरा. पंधरा, उणे एक, सोळा. सगळ्या वजाबाक्या आधीच करून ठेवलेल्या. वापरून कडा मऊ झाल्या होत्या. खालचा कोपरा वळला होता, तो मी उलटवला, तर वेड्यावाकड्या अक्षरात, डाव्या हाताने लिहिलेलं एकच वाक्य होतं: घाई करायची नाही.

मी आयुष्यभर कॉप्या पकडल्या. बाहीतून, बुटातून, कंपासपेटीच्या झाकणातून. एकदाही असं झालं नव्हतं की कॉपी सापडली आणि मलाच कुणीतरी वर्गाबाहेर उभं करावंसं वाटलं.

त्याची बायको दारात उभी होती. तिने बघितलं की मी बघितलं. “त्येका कळाक देव नको,” एवढंच म्हणाली. मग रोजच्या आवाजात, “बस गो, चाय थंड होतली.” मी बसले.

पुढच्या रविवारी मी तातडीची सभा मागितली. सात दिवसांच्या नोटिशीची अट शिथिल करण्याचा ठराव आधी करावा लागला. मग मी चिलखताचा ठराव पुन्हा मांडला, या वेळी सूचक मी. अध्यक्षाने कारण विचारलं. ठरावाला कारण लागतं, हा त्याचाच आग्रह. मी म्हटलं, जुनी वजाबाकी मला झेपत नाही, वय झालं. गिरगावकराला ठसका लागला. सर्वानुमते मंजूर. गिरगावकराने घाईघाईने पुरवणी ठराव मांडला की आपल्याला पोहता येत नसल्याने गोष्ट अध्यक्षानेच चालवावी. तोही मंजूर.

इतिवृत्तात मी जपून लिहिलं: ‘जुन्या पद्धतीच्या वजाबाकीत सूचक वारंवार चुकत असल्याने नवी पद्धत स्वीकारण्यात येत आहे.’ पंचवीस वर्षं गणित शिकवून हे स्वतःच्या हाताने लिहिताना थोडं टोचलं, खोटं कशाला बोलू. इंटरनेटवरचं निषेधपत्र मात्र तसंच ठेवलं. तिथे माझ्या बाजूची बरीच माणसं जमली होती, त्यांना तोंड दाखवायची हिंमत नव्हती.

त्यानंतरच्या रविवारी तीन वाजता अध्यक्षाने वही उघडली आणि मागील सभेचं इतिवृत्त वाचायला घेतलं. सावकाश वाचत होता, हल्ली तसंच वाचतो. माझ्या वाक्यापाशी आला, ते वाचलं, मग मनात पुन्हा वाचलं.

“दुरुस्ती?” त्याने विचारलं.

आम्ही तिघांनी नकारार्थी माना हलवल्या.

“माझी आहे.” त्याने डाव्या हातात पेन घेतलं. ‘सूचक’ या शब्दावर आडवी रेघ ओढली आणि वर एकेक अक्षर कोरत ‘अध्यक्ष’ लिहिलं. पहिलीतल्या मुलाला लागतो तेवढा वेळ लागला. आम्ही तिघं त्या पेनाकडे बघत बसलो होतो. त्याच्या बायकोने पदर तोंडाशी धरला होता.

“या वहीत खोटं चालत नाही,” तो म्हणाला. “आणि माझ्या आडोशामागच्या कागदाचा कोपरा उलटा दुमडलेला होता. आता कायम करूया.”

इतिवृत्त कायम झालं. मला रडू येत होतं आणि ते लपवायला जागा नव्हती, म्हणून मी फासा उचलला. समोर गुहेच्या तोंडाशी कुणीतरी चिलखत घालून उभं होतं. त्याला वार लागायला बेरीज सतरा हवी होती. मी टाकला, चौदा पडले. माझे स्वतःचे तीन.

“चौदा आणि तीन,” अध्यक्ष आडोशामागून म्हणाला. थांबला. “सोळा. हुकला.”

गिरगावकर खिडकीबाहेर बघायला लागला. मी तोंड मिटून घेतलं. सोळा तर सोळा, हुकला तर हुकला, वीस वर्षांत पहिल्यांदाच माझा वार लागावा असं मला वाटत नव्हतं.

आडोशावरून त्याचं डोकं वर आलं.

“बाई,” तो म्हणाला, “अध्यक्ष चुकतो असं आता वहीत लिहिलंय. बोल की.”

“सतरा,” मी म्हटलं.

“सतरा,” तो म्हणाला. “लागला.”