ऑटोएक्झेकमधले बाप्पा

डोंबिवली पूर्वेला एका छापखान्याच्या पोटमाळ्यावर मी डीटीपी ऑपरेटर होते, म्हणजे संगणकावर अक्षरं जुळवून पानं लावायची. नव्वदीची सुरुवातीची वर्षं. खाली काकांचं जुनं छपाईयंत्र धडधडत असायचं आणि वर माझा संगणक. काका म्हणजे छापखान्याचे मालक. त्यांनी हौसेने संगणक घेतला होता, पण हौस फिटायच्या आत तो रडायला लागला. पान उलटायला सांगावं आणि चहा पिऊन यावं, तरी पान अर्धंच उलटलेलं. मोठा मजकूर उघडला की पडद्यावर 'मेमरी अपुरी' असा निरोप, आणि पुढे सगळं ठप्प.

नवरात्र तोंडावर आलं होतं आणि हातात एक दिवाळी अंक होता. काका एक दिवस वर आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "ताई, या आठवड्यात सुधारलं तर ठीक. नाहीतर अंक ठाण्याच्या छापखान्याला देतो आणि हे धूड परत पाठवतो." धूड गेलं की त्याच्यासमोरची खुर्चीही जाणार, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. मला ती खुर्ची हवी होती. घरी मी कुणाची तरी सून, कुणाची तरी आई होते. त्या खुर्चीत मी माझं काम करणारी बाई होते, आणि ते काम मला चांगलं येत होतं. उगाच विनय कशाला?

कल्याणला मी शिकले त्या क्लासमध्ये संगणक कमी आणि आम्ही फार, म्हणून सर डॉसच्या कमांड आमच्याकडून पाढ्यांसारख्या म्हणवून घेत. तेव्हा हसायचो, पण त्या डोक्यात पक्क्या बसल्या. मी काळा पडदा उघडला आणि टाइप केलं: MEM /C. मेमरीत कोण कोण ठाण मांडून बसलंय त्याची यादीच समोर आली. मेमरी म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. त्यावर डबे, बरण्या, मिक्सर सगळं मांडून ठेवलं तर पोळी लाटायची कुठे? आमच्या ओट्यावर कॅलेंडर होतं, कॅल्क्युलेटर होता, व्हायरस तपासणारा तर दोनदा बसवलेला.

हे सगळे येत होते AUTOEXEC.BAT या फाइलमधून. संगणक सुरू झाला की तो पहिल्यांदा तीच वाचतो. मी आधी तिची एक प्रत करून ठेवली. हात लावण्याआधी प्रत, हा माझा नियम आजही मोडलेला नाही. मग नको त्या ओळी पुसल्या नाहीत, त्यांच्यापुढे फक्त REM लिहिलं. ओळ जागच्या जागी राहते, संगणक तिला ओलांडून पुढे जातो. माउसच्या ओळीआधी LH लावून त्याला वरच्या मेमरीत, म्हणजे ओट्यावरच्या फडताळात, धाडलं. वीज जाऊन जाऊन अर्धवट राहिलेल्या TMP फाइली झाडून काढल्या. मग डिस्कवर विखुरलेले फाइलींचे तुकडे एकत्र लावणारं DEFRAG लावलं. पडद्यावरचे चौकोन इकडून तिकडे सरकायला लागले तसे काका चहाचा कप घेऊन स्टुलावरच बसले.

संगणक चांगलाच पळायला लागला. पण अंकाची मोठी कथा उघडली आणि परत तेच: मेमरी अपुरी. आता ओट्यावर एकच मोठं पातेलं उरलं होतं, आणि ते कुणाचं ते मला पहिल्यापासून माहीत होतं. BAPPA. संगणक बसवून देणाऱ्याने काकांना खूश करायला हा प्रोग्रॅम घातला होता. सुरू करताच चांदणीच्या (*) खुणांनी काढलेला गणपती यायचा, पिपाणीसारख्या आवाजात आरतीची चाल वाजायची, आणि मग बाप्पा दिवसभर मेमरीत मुक्काम ठोकायचे.

"काका, हे काढावं लागेल."

"अहो, काहीतरीच काय! गणपतीला काढता? ऐन नवरात्राच्या तोंडावर?" त्यांचा चेहराच उतरला. "सुरुवात त्याच्यापासून झालीच पाहिजे. मग अंक गेला ठाण्याला तरी चालेल."

मला असा राग आला म्हणता! पण रागावून मेमरी वाढत नाही. कुठल्याही प्रोग्रॅमला त्याची माहिती विचारायची तर नावापुढे /? लिहायचं. मी लिहिलं. उत्तर आलं: /U दिलं की प्रोग्रॅम मेमरीतून उठतो.

"काका, तुमच्या घरी गणपती किती दिवसांचा?"

"दीड दिवसांचा. पिढ्यान्पिढ्या."

"दीड दिवसाने पाठवणी करता, तेव्हा त्याला घरातून काढता का?"

काकांनी स्टूल पुढे ओढलं. मी फाइलच्या अगदी वर BAPPA ठेवलं आणि लगेच खालच्या ओळीत BAPPA /U. बाकीची मंडळी त्यानंतर. म्हणजे पहिला मान त्यांचा, दर्शन होणार, आरती होणार, आणि मग निरोप. संगणक परत सुरू केला. गणपती आला, पिपाणी वाजली, पडदा मोकळा झाला. काकांनी खरंच हात जोडले. "पुढच्या वर्षी लवकर या," ते पुटपुटले.

"पुढच्या वर्षी कशाला? दुपारी वीज गेली की येतीलच," मी म्हटलं. काका इतके हसले की खालून यंत्रावरचा माणूस बघायला आला.

कथा उघडली. सबंध उघडली, आणि पानं भराभर उलटली. अंक डोंबिवलीतच झाला. शेवटी श्रेयनामावलीचं पान लावायला घेतलं. 'अक्षरजुळणी'पुढे नेहमी छापखान्याचं नाव जायचं. माझी बोटं ते टाइप करायला लागली तसे मागून काका म्हणाले, "छापखान्याचं नको. ते जुळणी करत नाही, तुम्ही करता."

मी ते नाव पुसलं आणि माझं टाइप केलं. लग्नानंतर रेशनकार्ड सोडलं तर ते कुठेच पूर्ण लिहिलं गेलं नव्हतं. मग फाँट एका आकड्याने मोठा केला. काकांनी बघितलं, आणि तसाच ठेवू दिला.