ठकीचा उपास

रविवारचं जेवण अंगावर आलं की दिगंबर हसबनीस खिडकीजवळच्या कॉटवर आडवे होतात. वर्तमानपत्र पहिल्याच पानावर छातीवर उपडं पडतं आणि पंख्याची घरघर दूरवर उभ्या असलेल्या गाडीच्या इंजिनासारखी वाटू लागते. आज मात्र डोळा लागता लागत नाही. उशाशी खिडकीच्या कट्ट्यावर काचेची बरणी आहे, आणि बरणीत ठकी बारा दिवस उपाशी आहे.

ठकी म्हणजे कोळी. जाळं विणून माशीची वाट बघत बसणाऱ्यातली नव्हे. टुणकन उडी मारून शिकार धरणारी, हरभऱ्याच्या डाळीएवढी, केसाळ, समोर दोन टपोरे डोळे असलेली. हसबनिसांच्या पत्नीने, कुमुदने, असे कोळी सहा वर्षं पाळले. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली बाई. लोक मांजर पाळतात, पोपट पाळतात, हिचं सगळंच जगावेगळं. साताऱ्यातले झाडून सगळे नातेवाईक नाकं मुरडायचे. "पाहुण्यांना चहाबरोबर कोळी दाखवतेस, शोभतं का?" असं हसबनीसही म्हणायचे, आणि पाहुण्यांची पाठ वळली की पिकल्या केळ्यावरची चिलटं बाटलीत धरून गुपचूप तिच्या हातात द्यायचे.

कुमुदला जाऊन अडीच महिने झाले. बाकीचे कोळी तिने आजारपणातच बागेत सोडायला लावले. ठकी फारच लहान होती म्हणून राहिली. शेवटी शेवटी बोलायचं त्राण नव्हतं, तेव्हा कुमुद एवढंच म्हणाली, "मंगळवारी आणि शुक्रवारी हिला खायला घालत जा." हसबनिसांची चौतीस वर्षं एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून गेलेली. त्यांच्या लेखी वेळापत्रक म्हणजे वेदवाक्य. ठकीने बरणीच्या वरच्या कडेला पांढरी रेशमी पिशवी विणली आणि स्वतःला आत कोंडून घेतलं, तरी मंगळवार आला तो आलाच. चिलटं तशीच मेली. चिलटांचा कंटाळा आला असेल, म्हणून शुक्रवारी त्यांनी नळाजवळचा चांगला धष्टपुष्ट रातकिडा धरून आत सोडला. तो आता बरणीभर मिशा हलवत हिंडतोय, आणि ठकी काही बाहेर येत नाही.

ही गेली तर कुमुदच्या हातचं जिवंत असं घरात काहीच उरणार नाही. ही भीती त्यांच्या पोटात आठवडाभर बसून आहे आणि ती कुणापाशी बोलायची सोय नाही. कोळ्यासाठी कोण हळहळणार? संध्याकाळी सुईने पिशवी फाडून बघायची, असं त्यांनी मनाशी ठरवलं आहे. ठरवता ठरवता पापण्या जड होतात.

इंजिन जवळ येतं. हसबनीस सातारा स्टँडवर आपल्या खिडकीत बसले आहेत. फलाटावर एक गाडी लागली आहे, तिच्या सगळ्या काचा आतून पांढऱ्या. एक काच सरकते आणि कुमुद बाहेर डोकावते. आजारपणाच्या आधीची, गालावर मांस असलेली, चष्मा कपाळावर चढवलेली.

"किती उशीर झाला या गाडीला," हसबनीस म्हणतात. दुसरं काही सुचतच नाही.

"उशीर नाही झालेला. थांबलीय."

"हा थांबा वेळापत्रकात नाही."

"तुमच्या नसेल," कुमुद म्हणते. "या, बसा."

ते पायरी चढतात, आणि पायाखाली माहुलीच्या घाटाचा तापलेला दगड असतो. दहाव्याचा दिवस. पानावर भात आहे, भाचे-पुतणे डोक्यावर रुमाल टाकून उन्हात ताटकळले आहेत. समोरच्या झाडावर कावळे, पण एकही खाली उतरत नाही. पुतण्या म्हणतो, "काकू, तुझी पुस्तकं शाळेला देऊ." कावळे ढिम्म. हसबनीस हात जोडून म्हणतात, "ठकीला सांभाळीन." तरी ढिम्म. हे खरंच असं झालं होतं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून वेळ मारून नेली होती, आणि तेव्हापासून हसबनिसांना तो भात डोळ्यांसमोरून हलवता आलेला नाही.

आज मात्र कुमुद त्यांच्या शेजारीच पायरीवर बसली आहे.

"काय राहिलं होतं गं तुझं? कशात जीव अडकला होता?"

"कशातच नाही हो. भूक नव्हती."

"एवढंच?"

"एवढंच. तुम्ही सगळे उगाच तीन तास उन्हात उभे राहिलात."

हसबनीस हसतात. हसता हसता हातात वाटी येते, वाटीत मऊ भात आणि तूप. घाटाची पायरी म्हणजे घरातली कॉट झाली आहे, आणि कुमुद उशीला टेकून पडली आहे. चमचा पुढे करायचा त्यांना धीर होत नाही.

"शेवटच्या दिवशी तू तोंड फिरवलंस," ते म्हणतात. "मी किती विनवण्या केल्या. मग मला राग आला. मी वाटी आपटली, कुमुद."

"ऐकू आलं मला. पोचा पडला का वाटीला?"

"पडला."

"पडू दे. आमटीला चालेल."

"तू रागावलीस का?"

"रागवायला सवड कुठे होती? मी कामात होते."

"कसल्या कामात?"

कुमुद बोटाने वर दाखवते. छताच्या जागी पांढरं रेशीम आहे, उन्हाने उजळलेलं, आणि त्यात ठकी, म्हशीएवढी मोठी, पाठीवर निजलेली. दोघं बरणीच्या तळाशी उभी आहेत. बघता बघता ठकीची पाठ उसवते. घामाने अंगाला चिकटलेल्या झंपरातून हात सोडवावा तसा ती एकेक पाय सोडवून घेते, थांबते, दम खाते, पुन्हा ओढते. आठही पाय निघतात. जुनी ठकी बाजूला पोकळ पडून राहते आणि नवी तिच्याशेजारी, फिकट, ओली, लोण्यासारखी मऊ.

"कात टाकतेय होय ही!" हसबनिसांचा श्वास मोकळा होतो. "मला वाटलं, संपली."

"कात टाकायच्या आधी खात नाहीत त्या. आणि आत्ता तर तिला मुंगीसुद्धा भारी पडेल."

मागे काचेवर खरखर होते. रातकिडा वर चढतोय, जबडा हलवत, सरळ पिशवीच्या दिशेने.

"हा कुणी आणून ठेवला?" कुमुदचा आवाज आता वर्गातला आहे.

"मी. शुक्रवार होता."

ती त्यांच्याकडे बघते. रागाने नाही, चाळीस मुलांतल्या सगळ्यात गरीब मुलाकडे बघावं तशी.

"अहो, जो जेवत नाही त्याच्यापुढचं ताट उचलायचं असतं. नाहीतर ते अन्नच त्याला खातं. उचला."

"तू उचल ना. तुला येतं."

"माझा हात नाही पोचत आता."

हसबनीस टाचा उंचावतात, हात लांब करतात. बोटांना काटेरी पाय लागतात.

"चिमटीत नको, पाय तुटेल. अलगद मूठ करा. हं, अशी."

"कुमुद, जरा वेळ राहतेस?"

"जेवलात तुम्ही?"

"जेवलो."

"मग झालं तर," ती म्हणते, आणि पंख्याची घरघर तिच्या आवाजावर चढते.

पंखा फिरतो आहे. वर्तमानपत्र जमिनीवर पडलं आहे आणि ऊन सरकत कॉटच्या पायापर्यंत आलं आहे. बरणी कट्ट्यावर जागच्या जागी, तोंडाला मलमलचं फडकं, त्यावर सुतळीची पक्की गाठ, जी सोडायला आणि बांधायला दोन्ही हात लागतात. हसबनीस वाकून बघतात. बरणीच्या तळाशी काही नाही. काचेवर काही नाही. वर पिशवी आहे तशीच, कुठेही न फाटलेली, आणि आत काहीतरी फिकट हळूच पाय लांब करतंय.

त्यांचा उजवा हात मात्र अवघडून गेला आहे. मूठ इतकी घट्ट मिटलेली की बोटं एकेक करून उलगडावी लागतात. तिसरं बोट उघडतं तेव्हा आतून एक मिशी बाहेर येते, मग दुसरी. तळहाताला गुदगुल्या होतात. रातकिडा सहाही पायांनिशी शाबूत आहे.

"उचललं गं," हसबनीस रिकाम्या घरात मोठ्याने म्हणतात, आणि अडीच महिन्यांत पहिल्यांदा त्यांना हमसून रडू येतं.